आफ्रिकेस शिकावयास जाणारा मुलगा

मुलांना पुढच्या शिक्षणासाठी कोठे पाठवावे, हा प्रश्न आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात पूर्वी फारसा कोणास पडत नसे. मॅट्रिक झाली की नागपूर, हे जवळजवळ ठरलेलेच असे. पांढुर्ण्याचा मुलगा इटारसीकडून येणाऱ्या गाडीत बसे, सौंसरचा मुलगा छोट्या लाईनच्या गाडीने डुलत डुलत इतवारीस उतरे, आणि आई पुढील चार दिवस डोळ्यांना पदर लावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, आणि ज्या शहरात आमचे मामा-मावश्या राहत होत्या तेथे आमची मुले ‘दुसऱ्या राज्याची’ ठरली. आमच्या पिढीपुरते पाहिले तर नागपूर हाच आमचा परदेश होता.

आता दिवस पालटले आहेत. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, आणि येथील संत्र्याच्या बागायतदाराचा किंवा शाळामास्तरांचा मुलगाही कैरोचे, मॉरिशसचे, नैरोबीचे नाव सहज घेऊ लागला आहे. यात बहुतेकांचे लक्ष वैद्यकीय शिक्षणाकडे असते. येथील सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण पडत नाहीत, खाजगी महाविद्यालयाची फी झेपत नाही, मग एखादा एजंट रंगीत पुस्तिका घेऊन दारात उभा राहतो. (लेखात आम्ही ‘मुलगा’ असे लिहीत असलो तरी हल्ली मुलीही तितक्याच धीराने जातात, हे वाचकांनी गृहीत धरावे.)

अशा घरात आफ्रिकेचे नाव निघाले की पहिला प्रश्न ठरलेला. “काकाजी, आफ्रिका म्हणजे सगळे जंगलच ना हो?” हा प्रश्न आम्हाला सुशिक्षित माणसांनीही विचारला आहे. आफ्रिका हा एक देश नव्हे. त्या खंडात ५४ देश आहेत आणि त्यांतील कैरो शहरातले कस्र अल ऐनी हे वैद्यकीय विद्यालय १८२७ साली सुरू झाले आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर १८ वर्षांनी, १८४५ साली निघाले. एवढे एक उदाहरण सांगितले म्हणजे जंगलाचा विषय संपावयास हरकत नाही.

एजंटाच्या पुस्तिकेत जे ठळक अक्षरांत नसते ते आधी थोडक्यात सांगून टाकू. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या विद्यार्थ्याला भारतात व्यवसाय करावयाचा असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम लागू पडतात. अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली हवी. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे. आणि त्या देशाच्या नागरिकाला जसा वैद्यकीचा परवाना मिळतो तसाच तो आपल्या मुलाला मिळू शकला पाहिजे. हा सारा क्रम १० वर्षांच्या आत पुरा व्हावयास हवा. जाण्यापूर्वी नीट उत्तीर्ण होणे बंधनकारक आहे आणि परत आल्यावर परवान्याची परीक्षा व आणखी एक वर्षाची इंटर्नशिप आहेच. या अटींपैकी एकही पाळली न गेल्यास पदवीचा कागद भिंतीवर लावण्यापुरताच उरतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी या प्रत्येक अटीचे उत्तर त्या विद्यापीठाकडूनच लेखी मागवावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

पण फी आणि नियम विचारून समजतात. जे विचारून समजत नाही, आणि ज्यावर परमुलखातील पाच-सहा वर्षे सुखाची जाणार की दुःखाची हे ठरते, ते वेगळेच आहे. मुलगा तेथे ज्या गल्लीत राहील त्या गल्लीतील माणसे त्याला कसे वागवतील? या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातील एक हकीकत फार बोलकी आहे. ती आफ्रिकेतून इकडे शिकावयास आलेल्या मुलाची आहे, आणि म्हणूनच तिकडे जाणाऱ्याच्या घरी ती माहीत असावी.

१९७० च्या सुमाराची गोष्ट. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे त्या वेळी मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टरही होते. एक मुलगी वसतिगृहाच्या एका खोलीच्या खिडकीशी येते आणि आतल्या मुलाला काहीतरी देऊन जाते, असे त्यांच्या दृष्टीस पडले. मुलांच्या वसतिगृहाशी मुलगी, आणि तीही त्या काळात! रेक्टरांनी चौकशी केली. आत मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने अंथरुणास खिळला होता. त्याला पथ्याचे अन्न देणारे वसतिगृहात कोणी नव्हते. मॉरिशसचीच ती मुलगी त्याच्यासाठी खाणे घेऊन येत होती आणि मुलींना आत येण्याची मनाई असल्यामुळे खिडकीतून देत होती.

शिस्तीचा भंग झाला म्हणून दोघांना समज देऊन प्रकरण मिटविता आले असते. नियम रेक्टरांच्या बाजूचाच होता. परंतु मुजुमदारांना त्या खिडकीत दुसरेच काही दिसले. हजारो मैलांवरून आलेली ही मुले पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी राहतात, पण आजारी पडल्यावर त्यांच्या उशाशी बसावयास कोणी नसते. स्थानिक विद्यार्थ्यांशी त्यांची मैत्री होत नाही, कोणाच्या घरी त्यांना सणाला बोलावणे नसते. या विचारातून परदेशी विद्यार्थी आणि आपली मुले यांना एकत्र आणणारी संस्था त्यांनी काढली. तिचा स्थापनादिन २६ जानेवारी १९७१. नाव त्यांनी आपल्या शास्त्रातलेच दिले, ‘सिंबायोसिस’. दोन निरनिराळे जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, त्या सहजीवनाला वनस्पतिशास्त्रात हा शब्द आहे. आपल्या काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे याचेच उदाहरण होय: शेवाळ आणि बुरशी मिळून ते झालेले असते, आणि दोहोंतील एकाला वेगळे काढले तर दगडफूल म्हणून काही उरत नाही. पुढे सिंबायोसिसचे मोठे विद्यापीठ झाले आणि आज पुष्कळांना ते केवळ फीच्या आकड्यावरून माहीत असते. त्याच्या मुळाशी काविळीचा एक आजारी मुलगा आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

मॉरिशसच्या त्या मुलासारखी मुले भारतात येऊ लागली त्याच्या मागेही एका मराठी गृहस्थांचा हात होता. सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळे ज्यांचे नाव घरोघर पोहोचले त्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत हे १९४८ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले कमिशनर म्हणून नैरोबीस गेले आणि १९५४ पर्यंत तेथे राहिले. त्या काळी केनियात गोऱ्यांच्या मुलांची शाळा वेगळी, हिंदी लोकांच्या मुलांची वेगळी आणि आफ्रिकन मुलांची वेगळी असे. आफ्रिकन मुलाच्या वाट्याला अर्थातच सर्वांत कमी येई. अप्पासाहेबांनी आफ्रिकन तरुणांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून देण्याचा उद्योग आरंभिला. इंग्रज अधिकाऱ्यांना हा कमिशनर डोळ्यांत खुपत असे, यात नवल नाही.

त्याच सुमारास नैरोबीतील आपल्या लोकांनी आणखी एक काम केले. महात्माजींच्या निधनानंतर पूर्व आफ्रिकेतील हिंदी समाजाने त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमविली, आणि त्या पैशातून केवळ आपल्या मुलांसाठी शाळा न काढता सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली अशी उच्च शिक्षणाची संस्था काढावयाचे ठरविले. सरकारचेही तंत्रमहाविद्यालय उभे राहत होते. दोन्ही योजना एकत्र करण्यात आल्या आणि १९५६ मध्ये तेथे विद्यार्थी दाखल झाले. त्याच वर्षी तेव्हाचे उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते आवारात गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. या महाविद्यालयाचेच पुढे, १९७० मध्ये, नैरोबी विद्यापीठ झाले. आमच्या भागातील एखादा मुलगा उद्या त्या विद्यापीठात गेला तर तेथील पायात आपल्याही माणसांचा पैसा आहे, हे त्याने जाणून असावे. मिरविण्यासाठी नव्हे, तर तेथे आपण अगदीच उपरे नाही एवढा धीर येण्यासाठी.

भारतात शिकून गेलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांपैकी काही पुढे फार मोठे झाले. टांझानियाचे पंतप्रधान झालेले जॉन मालेसेला हे मुंबई विद्यापीठाचे १९५९ चे बी. कॉम. मलावीचे राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका दिल्लीत शिकले. ही नावे आपण अभिमानाने सांगतो. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा उठली, आणि जमावाने दिसतील त्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण केली. त्यांचा त्या मृत्यूशी काहीही संबंध नव्हता. घराबाहेर पडू नका, असे सांगण्याची पाळी त्यांच्याच संघटनेवर आली. ते प्रकरण दूरचित्रवाणीवर साऱ्या जगाने पाहिले. नायजेरियातील, केनियातील आयांनीही पाहिले.

आपला मुलगा आफ्रिकेत जातो तेव्हा हे सारे त्याच्याबरोबर जाते. तेथील वर्गमित्रांच्या मनात हिंदी माणसाची एक जुनी प्रतिमा असते. पूर्व आफ्रिकेत तो दुकानदार होता, पेढीवाला होता, गोऱ्या साहेबाच्या खाली आणि आफ्रिकन माणसाच्या वर अशा मधल्या पायरीवर बसलेला होता. युगांडात इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तो अन्यायच होता. पण त्याआधी कित्येक वर्षे एकाच गावात राहूनही दोन समाज एकमेकांच्या घरी जेवत नव्हते, हेही तितकेच खरे. खुद्द गांधीजींविषयी तेथे प्रश्न विचारले जातात. घानाच्या विद्यापीठात जून २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण केले होते. दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या वर्षांत गांधीजींनी आफ्रिकन लोकांविषयी जे हिणकस लिहिले, त्यावर बोट ठेवून तेथील प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो पुतळा तेथून हलविण्यात आला. आपल्या मुलाला कोणी याविषयी विचारले तर त्याने रागावून उठून जाऊ नये. ते लिखाण आहे. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तो माणूस किती बदलला, हेही लिखित आहे. दोन्ही वाचून गेलेल्या मुलाला बोलता येईल.

एकाच गोष्टीवरून ओळखले जाण्याचे दुःख आम्हा पांढुर्ण्याच्या लोकांना अनोळखी नाही. आम्ही नागपुरास शिकत होतो तेव्हा महाल भागात एक खोली पाहावयास गेलो होतो. मालक वयस्क होते, बोलणे गोड होते. गाव विचारले. पांढुर्णा म्हणताच त्यांची मुद्रा बदलली. “म्हणजे गोटमारवाले!” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्यात माणसे जखमी होतात, प्रसंगी दगावतातही, हे खरे आहे आणि ते आम्हाला भूषणावह वाटत नाही. पण वर्षाचे उरलेले ३६४ दिवस आम्ही संत्री तोडतो, कापूस वेचतो आणि मुलांचे पाढे घेतो, हे त्या गृहस्थांना कोण सांगणार? खोली आदल्याच दिवशी दिली गेल्याचे त्यांनी सांगितले. ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे पंधरा दिवस तेथेच होती. बोलून चालून आमची भाषा त्यांचीच, देव त्यांचेच, आणि गाव रेल्वेने अडीच-तीन तासांवर. ज्याचा रंग निराळा, भाषा निराळी, त्या नैरोबीच्या किंवा खार्टूमच्या मुलाला पुण्या-नागपुरात किती पाट्या अशा वाचाव्या लागत असतील!

आमच्या मुलांपाशी मात्र एक गुण असा आहे, की जो पुण्याच्या मुलापाशी सहसा नसतो. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशी त्यांची वाढ होते. ओसरीवर आजीशी एक भाषा आणि फळ्यासमोर दुसरी, हे त्यांना सातव्या वर्षीच जमलेले असते. घरची भाषा शाळेत चालत नाही याचे वाईट आम्हाला वाटतेच, आणि मराठी वाचणारे आमच्या भागात कमी होत चालले आहेत हे या मासिकाच्या वर्गणीदारांना वेगळे सांगावयास नको. परंतु परमुलखात ही सवय कामास येते. इजिप्तमध्ये पुस्तके आणि व्याख्याने इंग्रजीत असली तरी खाटेवरचा रोगी अरबीच बोलतो. पोटात कोठे दुखते हे ज्याला रोग्याच्या भाषेत विचारता येत नाही त्याला वैद्यक कसे येणार? पहिल्याच वर्षी बाजारातली अरबी शिकून घेणारा मुलगा तिसऱ्या वर्षी रुग्णालयात पुढे असतो.

पूर्व आफ्रिकेत गेलेल्यास स्वाहिली भाषेत तर जुनी ओळखीची माणसे भेटावी तसे शब्द भेटतात. पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘डुका’, लाखाला ‘लाकी’, विम्याला ‘बिमा’. चहा आणि चपाती तर जशीच्या तशी. वेळ सांगण्याची त्यांची रीत मात्र प्रथम घोटाळ्यात टाकते. त्यांचा दिवस सूर्योदयापासून मोजला जातो, म्हणून आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. स्वाहिलीत कोणी ‘तीन वाजता या’ म्हणाला तर नऊ वाजता जावयाचे. आपल्या आजोबांना, ज्यांचा दिवसही सूर्योदयापासूनच सुरू होई, हे चटकन समजले असते.

मॉरिशसची गोष्ट आणखी निराळी. हिंदी महासागरातले हे बेट आफ्रिकेतील देशांत मोडते, आणि एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तेथे आहेत. त्यांच्या घरात बोलली जाते ती क्रिओल. शाळेचे माध्यम इंग्रजी. वर्तमानपत्र बहुधा फ्रेंच. तरीही तेथील सरकारी प्राथमिक शाळांत मुलाला मराठी हा विषय घेता येतो, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी घेऊन पदवीपर्यंत जाता येते आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. जानेवारी १९७५ मध्ये नागपुरास पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा या देशाचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम प्रमुख अतिथी म्हणून आले होते. आमच्या भागातील जो मुलगा मॉरिशसला जाईल त्याला तेथे असा एखादा वर्गमित्र नक्की भेटावा, की जो मराठी अडखळत बोलतो पण देवनागरी नीट वाचतो. आमच्या घरांत नेमके उलट आहे: बोलणे अस्खलित, आणि मराठी पुस्तक समोर ठेवले की मुले हिंदीच्या वळणाने वाचू लागतात. दोघांनी एकमेकांस शिकविण्याजोगे पुष्कळ आहे.

आता खाण्याविषयी, कारण आयांना खरी काळजी तीच असते. इजिप्तमध्ये सकाळी ‘फूल’ म्हणून घेवड्यासारख्या दाण्यांची शिजवून घोटलेली उसळ रोटीबरोबर खातात, आणि ‘कोशरी’ म्हणजे तांदूळ, मसूर, मॅकरोनी यांवर तिखट-आंबट टोमॅटोचा रस्सा. शाकाहारी मुलाची या दोहोंवर अडचण होत नाही. केनियात मक्याच्या पिठाचा घट्ट ‘उगाली’ आणि पालेभाजी हे रोजचे जेवण. आमच्याकडे ज्याने ज्वारीच्या कण्या खाल्ल्या आहेत त्याला तो परका वाटू नये. मॉरिशसमध्ये रस्त्यावर ‘ढोल पुरी’ मिळते. ती आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण शोभेल. तेव्हा पेटीत कुरड्या-पापड, तिखट आणि घरचा मसाला एवढे पुरे. संत्री देण्याचा आग्रह धरू नये. पुष्कळ देशांत ताजी फळे विमानतळावरच काढून घेतात.

केनिया, युगांडा, इथिओपिया, सुदान अशा देशांतून परत येताना पिवळ्या तापाची लस टोचल्याचा दाखला लागतो. तो जवळ नसेल तर भारतात उतरताच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस एकदाच घ्यावयाची असते आणि दाखला जन्मभर चालतो, मात्र टोचल्यावर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो; म्हणून तिकिटाच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. नैरोबीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते, मॉरिशसचे दीड तास. आईने रात्री साडेनऊस फोन केला तर नैरोबीत मुलगा नुकता वर्गातून येऊन चहा घेत असेल. त्या वेळी त्याच्या खोलीत आणखी कोण बसले आहे हे विचारावे, त्याचे नाव विचारून घ्यावे, आणि तो सुट्टीत भारतात येणार असेल तर पांढुर्ण्याचा रस्ता त्यालाही सांगून ठेवावा.